नालायक मुलाचं काम

निल्तन याताकोच्या चेहऱ्यावर कधी काही उमटायचं नाही. लिमा शहराच्या टोकाला, कोमासच्या टेकडीवर तो जन्मला तेव्हा सुईणीनं दोन चापट्या दिल्या, तर हा रडायचं सोडून तिच्याकडेच बघत बसला, असं त्याची आई फोर्तुनाता कौतुकानं सांगायची. पुढे बाप जंगलाकडे सोनं शोधायला गेला आणि तिकडचाच झाला. टेकडीवरच्या बायका घरात जमून हळहळल्या. निल्तननं फक्त विचारलं, "त्याची सायकल आता माझी ना?" शाळेत त्याला ठोकळा म्हणत, आणि हे नाव त्याला इतकं शोभलं की मास्तरही हजेरी घेताना तेच घेऊ लागले.

शाळा कशीबशी संपली. मग कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं, तर एके दिवशी क्लासचा मालकच टाळं ठोकून पसार झाला. मग निल्तन कोम्बीवर, म्हणजे छोट्या प्रवासी बसवर, कंडक्टर लागला. आमच्या लिमात कोम्बीच्या दारात लोंबकळत थांब्यांची नावं ओरडणाऱ्याच्या घशात जोर लागतो, डोळ्यांत लबाडी लागते. निल्तन इतक्या थंडपणे ओरडायचा की लोकांना वाटे गाडी भरली आहे, आपण चढू नये. ड्रायव्हर त्याला काढणारच होता, तेवढ्यात मिर्ता भेटली.

मिर्ता टीव्हीवाली होती. पिवळे केस, हातात फाइल, बोलताना समोरच्याचा दंड दाबून बघायची सवय. ती मागच्या सीटवरून बराच वेळ त्याला न्याहाळत होती.

"ए पोरा, तुला राग येतो का रे कधी?"

"नाही."

"आणि रडू?"

"नाही. उतरायचंय का तुम्हाला?"

"मला उतरायचंय, आणि तूही उतर. चल."

मिर्ता ज्या कार्यक्रमासाठी माणसं गोळा करायची, तो मिस ग्लेंडाचा कार्यक्रम दुपारी थेट लागायचा, आणि त्या वेळात अख्ख्या कोमासमध्ये कोणी कोणाच्या घरी जात नसे. मिस ग्लेंडा उंच खुर्चीत बसायची. खाली नवरा, बायको, सवत, सासू, पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटायची. मग ती न्याय द्यायची आणि वर शिलाई मशीन भेट द्यायची. ही सगळी माणसं भाड्याची. नवरा एका वस्तीतला, बायको दुसरीतली, सवत तिसरीतली. मिर्ता त्यांना गाडीत बसवून गोष्ट पढवायची, नावं बदलायची आणि स्टुडिओत नेऊन सोडायची. यात गुपित काही नव्हतं. प्रत्येकाच्या ओळखीतलं कोणी ना कोणी जाऊन आलेलं होतं. तरी लोकांचा विश्वास काही हटायचा नाही. "कालची सवत खोटी होती गं, ती माझ्या मावशीची शेजारीण. पण आजची मात्र खरी वाटते हं," असं म्हणत बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळे पुसत.

निल्तनला नालायक मुलांची कामं मिळू लागली. आईचा फ्रिज विकणारा. आजीला गच्चीवर झोपवणारा. स्वतःच्या लग्नातून मेव्हणीला घेऊन पळणारा. बाकीचे कांदा हुंगून, मांडीला चिमटे काढून रडत, ओरडत. हा नुसता बसायचा. समोर भाड्याची आई ऊर बडवतेय आणि हा छताकडे बघतोय, हे पाहून स्टुडिओतल्या बायका त्याला चपला काढून मारायला धावत. मिस ग्लेंडा खूश. मिर्ता म्हणायची, "असला निर्लज्ज चेहरा मला अख्ख्या पेरू देशात मिळायचा नाही."

फोर्तुनाताला याचं काही वाटत नसे. टेकडीखालच्या मार्केटात तिचा कोंबडीच्या रश्श्याचा ठेला होता. पहाटेपासून मोठ्या पातेल्यात रस्सा रटरटत असायचा, आणि पातेल्यामागे एक छोटा टीव्ही. निल्तन पडद्यावर आला की ती गिऱ्हाइकांना दाखवायची, "तो बघा, माझा आहे. तसा नाही हं तो, काम आहे त्याचं." शेजारची मासेवाली तेओफिला तिची कोमाद्रे, म्हणजे निल्तनच्या बारशाला त्याला हातात घेऊन उभी राहिलेली. ती चिडवायची, "पोरगा तुझा फ्रिज कधी विकतोय गं?" फोर्तुनाता म्हणायची, "आधी घेऊन तर देऊ दे."

आणि मग ती दुपार आली.

त्या दिवशीचा विषय होता, यारासाठी आईनं मुलाला घराबाहेर काढलं. निल्तनचं नाव जेफर्सन आणि आईचं रोसा एल्विरा असं मिर्तानं दोनदा घोकून घेतलं होतं. आई पडद्यामागे उभी, आत यायची वेळ झालेली. तेवढ्यात मिस ग्लेंडाच्या अंगात आलं. ती खुर्चीतून पुढे वाकली आणि कडाडली, "आईचं नाव घे, बाळा! पूर्ण नाव! साऱ्या देशाला कळू दे कोण आहे ही बाई!"

आता आमच्याकडे उंच जागेवर बसलेल्या माणसानं आईचं पूर्ण नाव विचारलं, की माणूस झोपेतसुद्धा सांगतो. दवाखान्याची खिडकी, शाळेची खिडकी, ओळखपत्राची खिडकी, लहानपणापासून प्रत्येक खिडकीत हाच प्रश्न. आणि उत्तर एका दमात द्यायचं, बापाकडच्या-आईकडच्या दोन्ही आडनावांसकट, नाहीतर खिडकी बंद. निल्तनच्या तोंडून धडधडत बाहेर पडलं, "फोर्तुनाता न्याउपारी ताइपे, रस्सा विकते, कोमास मार्केट, गेट नंबर दोन."

मिस ग्लेंडानं ते तसंच उचललं. "फोर्तुनाता न्याउपारी ताइपे, ये पुढे!" भाड्याची आई मुरलेली होती. तिनं पापणीही न हलवता नाव बदलून घेतलं आणि छाती पिटत आत आली, "हो, मीच ती फोर्तुनाता! काढलं घराबाहेर! मला बाई म्हणून काही जीव नाही का?"

मार्केटात रस्सा वाढता वाढता फोर्तुनाताचा हात थांबला. गिऱ्हाइकं टीव्हीकडून तिच्याकडे वळली आणि तिच्याकडून पुन्हा टीव्हीकडे.

तुम्ही म्हणाल, पडद्यावरची बाई दुसरी होती हे तर सगळ्यांना दिसत होतं. दिसत होतंच की. पण मार्केटानं त्याचा वेगळाच अर्थ लावला. मुलगा खरा, नाव खरं, गेट नंबर खरा. मग बाईच तेवढी दुसरी का? तर मिस ग्लेंडा मोठ्या मनाची. बिचारीचं तोंड दिसू नये म्हणून तिनं दुसरी बाई उभी केली. संध्याकाळपर्यंत यारही नक्की झाला. कोणी म्हणे गेटवरचा चाव्यावाला, कोणी म्हणे तिच्या चर्चचा पास्टर. पास्टरला हे कळल्यावर त्यानं रविवारी प्रार्थनेनंतरच्या जेवणाचं काम फोर्तुनाताकडून काढून घेतलं. "थोडे दिवस, सिस्टर. लोकांची तोंडं बंद होईपर्यंत." धंदा मात्र बसला नाही. उलट वाढला. लोक बघायला येत, वाटीभर रस्सा घेत आणि वाटीच्या काठावरून तिच्याकडे पाहत राहत.

निल्तन घरी आला तेव्हा ती पातेलं घासत होती.

"आई, तोंडातून निघून गेलं."

ती घासत राहिली. पातेलं लखलखीत झालं तरी घासत राहिली.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, शिव्या नाहीत, काही नाही. ताट वाढून ठेवायची, कपडे धुवायची, एक अवाक्षर काढायची नाही. निल्तननं त्याच्या परीनं खटपट केली. मार्केटात जाऊन दुकानादुकानात सांगितलं, की ते सगळं खोटं होतं, माझी चूक झाली, माझ्या आईनं मला कधीही बाहेर काढलेलं नाही. लोकांचे डोळे भरून आले. "एवढं होऊनही आईची बाजू घेतोय. गुणाचं आहे हो पोरगं." त्यामुळे फोर्तुनाता आणखी वाईट ठरली. निल्तननं मग नाद सोडला.

तेच वर्ष सरकार कोसळण्याचं. लाच देताना-घेताना चोरून केलेल्या टेप टीव्हीवर लागल्या, आणि लोक तेही दुपारच्या कार्यक्रमासारखंच बघत होते. जाहिराती आटल्या, मिस ग्लेंडा परदेशी गेली, मिर्तानं केसांचं दुकान टाकलं. देशाला लागलेला डाग काढायचा म्हणून पोरंपोरी चौकात जमून बादल्यांमध्ये झेंडा धूत होती. निल्तन पलंगावर पडून हे सगळं आवाज बंद करून बघायचा. झेंडा धुतला जातोय. मंत्री पळतोय. शाम्पू येतोय. त्याला काही वाटायचं नाही. जेवण कडू लागतंय की गोड तेही त्याला कळेनासं झालं होतं. एवढं मात्र कळायचं, की खोलीतल्या कापडी पडद्याच्या पलीकडे आई आहे, तिनं चप्पल काढली, ती तिच्या अंथरुणावर बसली, आणि ती बोलणार नाही. त्याला जगाकडून दुसरं काही नको होतं. तिनं बोलावं. काहीही बोलावं, शिवी चालेल.

अशातच आलोन्सो आला.

आलोन्सो बार्रांकोचा, समुद्राकाठच्या चांगल्या घरचा. फाटकी पँट, महागडा चष्मा. मित्राचा कॅमेरा, मैत्रिणीची गाडी आणि मावशीचं गॅरेज यांच्या जोरावर तो सिनेमा काढत होता. त्याला मिर्तानं निल्तनचा पत्ता दिला होता. टेकडीच्या पायऱ्या चढून तो धापा टाकत दारात उभा राहिला आणि दम खाण्याआधीच बोलू लागला.

"कोणाचा पैसा नाही, म्हणजे कोणाची भीती नाही, समजलं? या टीव्हीनं आपल्याला काय करून ठेवलंय ते दाखवायचंय. वर एक बाई आहे, लोक खाली रडतायत आणि ती वर बसून सूप पितेय. मध्येमध्ये जाहिराती. आणि मध्यभागी एक मुलगा. आपल्या वयाचा. ज्याला काहीच वाटत नाही. काहीच!"

"मग मी काय करायचं?"

"काही नाही. तू आहेस तसाच राहा."

"एवढंच?"

"अरे यार, एवढंच तर कोणाला जमत नाहीये! मी चाळीस नट पाहिले. सगळ्यांना काहीतरी वाटतं!"

निल्तन कबूल झाला. पलंगावर पडून राहायचं ते कॅमेऱ्यासमोर राहायचं, फरक काय. शनिवार-रविवार शूटिंग चाले. आलोन्सोची मित्रमंडळी सँडविच आणायची, पायऱ्यांचे फोटो काढायची, आणि निल्तनच्या चेहऱ्याकडे बघून आपसांत म्हणायची, "बाप रे, हे आहे आपल्या पिढीचं तोंड." निल्तनला ते आपल्या तोंडाबद्दल बोलतायत हेही जरा उशिरानं कळायचं.

एके दिवशी आलोन्सो घरात येऊन म्हणाला, "शेवटच्या भागात आई हवी. नटी नको. खरी. तुझी आई करेल का रे?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बोलत नाही."

आलोन्सोचे डोळे चमकले. तो आणखी काही विचारणार, तेवढ्यात पडदा बाजूला सारून फोर्तुनाता बाहेर आली. हात पिठाचे. तिनं निल्तनकडे पाहिलंच नाही.

"हे सिनेमाचं कोण बघणार, साहेब?"

"सगळे, सेन्योरा!"

"टीव्हीवर ज्यांनी पाहिलं ते?"

"अहो सगळे! त्यांच्यासाठीच तर काढतोय."

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलला तो. त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. बार्रांकोच्या लोकांना सगळे म्हणजे नक्की किती हे कधी मोजावं लागलेलं नसतं.

"मग मी येते," फोर्तुनाता म्हणाली. "पण बोलेन ते माझं मी बोलेन. लिहून दिलेलं नाही."

"तेच हवंय! सेन्योरा, अगदी तेच हवंय!"

शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी मिस ग्लेंडाच्या स्टुडिओची नक्कल उभी केली होती. पुठ्ठ्याची उंच खुर्ची, रंगीत कागद, दोन दिवे. फोर्तुनाता प्रार्थनेला घालायचा निळा ड्रेस घालून आली, केस ओले करून चापूनचोपून बसवलेले. तिला खाली साध्या खुर्चीत बसवलं, बाजूला निल्तनला बसवलं. आलोन्सो म्हणाला, "सेन्योरा, मुलाकडे बघून बोला." ती म्हणाली, "मला लोकांशी बोलायचंय," आणि सरळ कॅमेऱ्याच्या काचेत बघून बोलू लागली.

"मी फोर्तुनाता न्याउपारी ताइपे. गेट नंबर दोनला रस्सा विकते. माझा नवरा गेला तेव्हा हा मुलगा माझ्या कमरेएवढा होता. मी दुसरा माणूस केला नाही. करावासा वाटला नाही असं नाही, एकदा वाटला होता, खोटं कशाला सांगू, पण घरात एकच पलंग होता आणि तो मुलाला दिलेला होता. मी याला कधी बाहेर काढलं नाही. ताप आला तेव्हा पाठीवर बांधून ठेल्यावर नेला. पातेल्याशेजारी निजवला. तेओफिलाला विचारा. रोसाल्बाला विचारा. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय आणि तुम्ही विसरलात. माझ्या हातचं खाता आणि माझ्याकडे तसं बघता. बघू नका तसं. एवढंच सांगायचं होतं."

आलोन्सो "कट" म्हणायलाही विसरला. फोर्तुनाता उठली, ड्रेस झटकला, आणि जाता जाता निल्तनजवळ थांबली.

"कॉलर आत गेलीय तुझी," ती म्हणाली. "नीट कर."

निल्तननं कॉलर नीट केली. ती त्याच्याशी बोलली होती. किती महिन्यांनी ते त्यालाच आठवेना.

त्यानंतर घरात थोडं थोडं बोलणं येऊ लागलं. "मीठ दे." "पाणी गेलंय, वरून आण." एकदा तर, "तो चष्मेवाला जेवतो की नाही, किती वाळलाय," असं मोठं वाक्य. निल्तन त्या शब्दांवर दिवस काढू लागला. तो लवकर उठून तिच्याबरोबर पातेलं खाली न्यायचा. फोर्तुनातानं मार्केटात सांगून टाकलं होतं, सिनेमा लागेल तेव्हा सगळ्यांनी यायचं, मी घेऊन जाणार. तिची मान जरा वर आली होती.

काही आठवड्यांनी आलोन्सोनं निल्तनला मावशीच्या गॅरेजमध्ये बोलावून सिनेमा दाखवला. शेवटी फोर्तुनाता आली. "मी फोर्तुनाता न्याउपारी ताइपे," ती म्हणाली, आणि मागून हशा पिकला. टीव्हीवरचा असतो तो, तयार हशा, शेकडो माणसांचा. "मी दुसरा माणूस केला नाही." हशा. "एकच पलंग होता." प्रचंड हशा, शिट्ट्या. "पातेल्याशेजारी निजवला," आणि मध्येच सूपच्या पुड्यांची जाहिरात. ती बोलत राहिली, खाली पट्टीवर फोन नंबर सरकत राहिला. "बघू नका तसं," म्हटल्यावर टाळ्या आणि संपलं.

"काय?" आलोन्सो म्हणाला. त्याचे स्वतःचे डोळे ओले होते. "अंगावर काटा येतो की नाही?"

"हे हसणं काढता येईल?"

"काढायचं? निल्तन, तेच तर सगळं आहे! ते हसणं आपलं नाही, टीव्हीचं आहे. ती खरं बोलतेय आणि हे यंत्र हसतंय. बघणाऱ्याला स्वतःची लाज वाटली पाहिजे!"

"ती तिचं नाव सांगतेय."

"हो! म्हणूनच तर!"

निल्तननं यावर विचार केला. बरोबर असावं असं त्याला वाटलं. शिकलेल्या माणसाचं बरोबर असतंच, आणि असल्या वेळी त्याच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "बरं," तो म्हणाला. घरी जाताना त्यानं ठरवलं की आईला सांगायचं, येऊ नकोस. पण दारात पाय टाकला तर ती म्हणाली, "आलास? भात गरम आहे." हे तिनं स्वतःहून म्हटलं होतं. तो जेवायला बसला. आज नको, उद्या सांगू. उद्याही तिनं काहीतरी विचारलं, आणि परवाही. सांगितलं तर हे सगळं जाणार होतं. तो भ्याला होता, आणि भीती वाटतेय हे ओळखण्याचीही त्याला सवय नव्हती. सिनेमाची संध्याकाळ येईपर्यंत त्यानं सांगितलं नाही.

मिराफ्लोरेस या श्रीमंत वस्तीतल्या एका सांस्कृतिक केंद्रात खेळ होता. फोर्तुनाता निळ्या ड्रेसमध्ये, बरोबर तेओफिला, रोसाल्बा आणि मार्केटातल्या आणखी दोघी. पास्टरलाही तिनं बोलावलं होतं, त्यानं आशीर्वाद पाठवला. बायका गुळगुळीत फरशीवर जपून पावलं टाकत चौथ्या रांगेत बसल्या. आजूबाजूला सगळी आलोन्सोसारखी पोरंपोरी. "कोमाद्रे, इथे कोणी दाणेबिणे विकत नाही का गं?" तेओफिलानं जोरात विचारलं, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीनं वळून गोड हसून घेतलं.

निल्तन बाजूला भिंतीशी उभा होता.

पडद्यावर फोर्तुनाता आली. "अगं बाई, तूच की!" बायकांनी टाळ्या पिटल्या. तिनं नाव सांगितलं, आणि सिनेमातला तो तयार हशा पिकला.

हॉल एकदम चिडीचूप झाला. आलोन्सोचं गणित बरोबर होतं. बार्रांको-मिराफ्लोरेसची पोरं अवघडून खुर्चीत रुतली, कोणी मान खाली घातली, एकीनं तोंडावर हात घेतला. त्यांना लाज वाटत होती. हसल्या फक्त चौथ्या रांगेतल्या बायका. त्यात त्यांचं काय चुकलं? आयुष्यभर टीव्हीनं त्यांना हेच शिकवलेलं, की हसू ऐकू आलं म्हणजे गंमत झाली, आपणही हसायचं. त्यांना वाटलं कोमाद्रेनं विनोदी काम केलंय. "एकच पलंग होता," वर तर तेओफिला पोट धरून वाकली. "काय तोंड केलंयस गं! मेले मी!" तिचं हसणं खरं होतं, प्रेमाचं होतं, आणि ते त्या शांत हॉलमध्ये एकटंच घुमत होतं. पोरं वळून त्यांच्याकडे बघू लागली. काही डोळ्यांत कीव, काहींत राग.

फोर्तुनाता हसली नाही. ती पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. "तेओफिलाला विचारा," पडद्यावरची फोर्तुनाता म्हणाली, तेव्हा शेजारी बसलेली तेओफिला डोळे पुसत हसत होती.

दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आलोन्सोनं निल्तनला हाताला धरून मंचावर ओढलं, दोघांच्या हातांत माइक दिले. प्रश्न सुरू झाले. चष्मा लावलेल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "ती आई, ती नटी आहे का? कुठून शोधलीत?"

"नटी नाही!" आलोन्सो आनंदानं ओरडला. "याची खरी आई आहे ती, आणि ती इथे आलीय! सेन्योरा फोर्तुनाता, उभ्या राहा ना, प्लीज!"

सगळा हॉल वळला. टाळ्या वाजू लागल्या, काही पोरं उभीही राहिली. फोर्तुनाता सावकाश उठली. पर्स छातीशी धरली. टाळ्या थांबायची वाट पाहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जशी पहाटे गेटवरून गिऱ्हाइकाला साद घालते तशा, म्हणाली, "चूक होतेय साहेब तुमची. मला मुलगा नाही. मी रस्सा विकते. एक बाई हवी होती म्हणाले, म्हणून आले."

आणि हॉल फुटला. शिट्ट्या, टाळ्या. "वा! कमाल!" कोणीतरी ओरडलं. त्यांना वाटलं सिनेमा अजून चालूच आहे, हाही त्यातलाच भाग. आलोन्सो निल्तनच्या कानात कुजबुजला, "काय बाई आहे रे ही, देवा!" चौथ्या रांगेतल्या बायकांचं हसणं मात्र तोंडातल्या तोंडात विरलं. त्यांना माहीत होतं ती काय बोलली ते. तेओफिलानं हळूच छातीवर क्रूसाची खूण केली.

चष्मेवाली मुलगी आता निल्तनकडे वळली. "मग तूच सांग. ती तुझी आई आहे की नाही?"

फोर्तुनाता अजून उभीच होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. राग नव्हता त्यात. ती फक्त थांबली होती, त्यानं बरोबर उत्तर द्यावं म्हणून.

निल्तननं माइक तोंडाजवळ नेला. "सेन्योरा खरं सांगतायत," तो म्हणाला. "त्या माझ्या कोणी लागत नाहीत."

ती बसली. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. आणि त्या टाळ्यांत उभं असताना निल्तनला वाईट वाटलं. साधं, सरळ वाईट, जन्मात पहिल्यांदा इतकं की मंचावरून उतरताना त्याला कोणाचा तरी खांदा धरावा लागला. ज्याचा धरला तो मुलगा म्हणाला, "काय अभिनय केलास, यार." दारात तेओफिला भेटली. तिनं काही न बोलता त्याचा दंड दाबला, मयताच्या घरी दाबतात तसा, आणि बायकांच्या मागे बसकडे गेली. निल्तन त्या बसमध्ये चढला नाही.

आता तो टेकडीच्या पलीकडच्या बाजूला खोली घेऊन राहतो. गॅसच्या टाक्या पोचवतो. सिनेमा दोनतीन देशांत दाखवला गेला म्हणतात, बक्षीसही मिळालं, आणि आलोन्सो दिसला की मिठी मारतो. निल्तनचं तोंड अजूनही तसंच आहे, पण कामावरचे त्याला ठोकळा म्हणत नाहीत, त्यांना ते नाव माहीत नाही. मार्केटात लोकांची तोंडं बंद झाली. मुलालाच नाकारणारी बाई म्हटल्यावर तिच्यापुढे बोलायची हिंमत कोणाला होणार? रविवारच्या जेवणाचं काम पास्टरनं तिला परत दिलं.

कधीकधी सकाळी टाक्या उतरवून झाल्या की निल्तन गेट नंबर दोनला जातो. रांगेत उभा राहतो. त्याची पाळी आली की फोर्तुनाता डाव हातात घेऊन विचारते, "तंगडी की छाती?" तो तंगडी म्हणतो. ती वाढते, "हिरवी मिरची हवी का?" असंही विचारते. आवाज चांगला असतो तिचा, मोकळा. तो बाकावर बसून सगळा रस्सा संपवतो. त्यात उकडलेलं अंडं असतं, पण ते ती सगळ्यांनाच घालते.